थर्ड शिफ्टची झोप

नाशिकच्या सिडकोतल्या बायकांना शेजारच्या घरातल्या माणसाची शिफ्ट तोंडपाठ असते. मिक्सर आत्ता फिरवायचा की दहानंतर, पोरांना जिन्यात खेळू द्यायचं की मैदानावर पिटाळायचं, हळदीकुंकवाला बोलवायला जाताना कुणाची बेल वाजवायची आणि कुणाची नुसती कडी हलवायची, सगळं त्यावरून ठरतं. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. घरं भिंतीला भिंत लावून. एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका लागतो. अशा ठिकाणी दिवसा झोपणारा माणूस ही सगळ्या गल्लीची जबाबदारी असते, आणि गल्ली ती आपापल्या परीने पाळतेही. भंगारवाला आणि घंटागाडी तेवढे पाळत नाहीत.

माझा नवरा वीसेक वर्षं तीन पाळ्यांत काम करतोय. फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, थर्ड अकरा ते सात. रविवारी सुट्टी, दर सोमवारी पाळी बदलते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला याचं अप्रूप होतं. दुपारी नवरा घरी, म्हणजे कुठे पिक्चरला जाता येईल वगैरे. थर्डच्या पहिल्याच आठवड्यात ते अप्रूप संपलं. खिडकीला जाड सोलापुरी चादर ठोकायची, बेलची वायर काढून ठेवायची, कुकरऐवजी पातेल्यात डाळ शिजत ठेवायची. एवढं करून साडेआठला आडवा झालेला माणूस साडेबाराला टक्क डोळे उघडून पंख्याकडे बघत पडलेला असतो. कुणी उठवलेलं नसतं. त्यालाच विचारलं तर म्हणतो, झोप उडाली. शरीर थकून चूर, डोळे चुरचुरतायत, आणि झोप मात्र उडालेली.

आणि थर्डचा आठवडा सरता सरता काहीतरी निघतंच. घसा बसतो, तोंड येतं, ओठावर पुळी उठते, सर्दी महिना महिना मुक्काम ठोकते. सासूबाई म्हणायच्या, ‘जागरण अंगावर निघतंय.’ आमच्या फॅमिली डॉक्टरांचाही पहिला प्रश्न तोच असतो, ‘सध्या नाईट का?’ एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कारखान्यात धूर आहे, रात्री दोन वाजताचे तेलकट वडे आहेत, चहाचे पेले आहेत, तंबाखूही आहे (तो म्हणतो नाही). तरी वर्षानुवर्षं एकाच ठरल्या वेळी एकच माणूस आजारी पडत असेल, तर घरच्या बाईला त्यात काही सूत्र दिसणारच. मी प्राथमिक शाळेत शिकवते, वाचायची सवय आहे, तेव्हा हे सूत्र शोधत बसले.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. दिवस आणि रात्र यांचा हिशोब तो ठेवतो. त्याला वेळ सांगतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचा बघण्याशी फारसा संबंध नाही. आत्ता उजेड आहे की अंधार, विशेषतः निळसर उजेड आहे का, एवढीच वर्दी त्या मेंदूला देतात. गंमत म्हणजे घड्याळ मेंदूत एकच नाही. यकृत, आतडी, कातडी, पांढऱ्या पेशी, जवळपास प्रत्येक पेशीत आपापलं घड्याळ चालू असतं, आणि मेंदूतला तो पुंजका सगळ्यांना एका वेळेवर आणत राहतो. हे पेशीतलं घड्याळ नेमकं कुठल्या जनुकांवर चालतं ते फळमाशीत उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. आपल्या घड्याळाचा फेरा मात्र बरोबर चोवीस तासांचा नसतो. माणसांना दिवसरात्र कळणार नाही अशा मंद उजेडात ठेवून मोजलं तेव्हा तो सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांच्या आसपास भरला. वरची ती मिनिटं सकाळचा उजेड रोज दुरुस्त करतो. ही अकरा मिनिटं लक्षात ठेवा, त्यांच्यावरून पुढे आमच्याकडे वाद झाला.

मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढचं वाचून. प्रतिकारशक्ती म्हणजे अंगात कायम भरून ठेवलेली काहीतरी ताकद, अशी माझी कल्पना होती. च्यवनप्राशच्या जाहिराती तसंच सांगतात. पण अंबडच्या कारखान्यासारखीच तीही पाळ्यांत चालते. पहाटेपासून कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढू लागतं आणि जाग येण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. त्याच्या प्रभावाने रक्तातल्या टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) अस्थिमज्जेकडे आणि इतर ठिकाणी पांगतात, म्हणून दिवसा रक्तात त्या कमी सापडतात. रात्री कॉर्टिसोल उतरतं, त्या परत रक्तात येतात, लसिका ग्रंथींकडे वळतात. रात्रीच्या पहिल्या भागात जी गाढ झोप लागते, तिच्यात वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन नावाचं आणखी एक संप्रेरक चढलेलं असतं. दिवसभरात कुठला जंतू भेटला, त्याची ओळख एका पेशीने दुसरीला करून देण्याचं काम या वातावरणात चांगलं चालतं. लस असो की खराखुरा आजार, शरीर जे शिकतं त्यातलं बरंच या वेळात मुरतं.

दम्याच्या माणसाला पहाटे चारला धाप लागते, संधिवाताच्या बाईची बोटं सकाळी वळत नाहीत, ताप संध्याकाळी चढतो. यामागेही तेच वेळापत्रक आहे. सांधे सुजवणारी रसायनं पहाटे रक्तात सगळ्यात जास्त असतात. माझी आई हात गरम पाण्यात बुडवल्याशिवाय कणीक मळायला घ्यायची नाही. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

आता थर्ड शिफ्टच्या माणसाचं बघा. तो रात्रभर ट्यूबलाइटच्या उजेडात मशिनसमोर उभा. रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक चढायच्या वेळी डोळ्यात उजेड, म्हणून ते दबतं. सातला सुटून गाडी काढतो तर अंबडहून सिडकोकडे येताना सूर्य समोरून थेट डोळ्यात. मेंदूतल्या पुंजक्याला वर्दी मिळते की सकाळ झाली. घरी येऊन अंथरुणावर पडतो तेव्हा कॉर्टिसोल चढलेलं, शरीराचं तापमान वाढत चाललेलं. शरीराच्या मते ही उठायची वेळ आहे. साडेबाराला उडणारी झोप भंगारवाल्यामुळे उडत नव्हती, हे कळल्यावर मला त्या माणसाची थोडी दया आली. मेंदूचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकू शकतं. रात्रपाळीशी पुरतं जुळायचं तर आठ-दहा दिवस हवेत, आणि त्या दिवसांत एकदाही सकाळचं ऊन बघायचं नाही. सोमवारी पाळी बदलते. म्हणजे घड्याळ निम्म्या वाटेवर पोहोचलं की त्याला मागे फिरायचा हुकूम येतो. आतड्यांचं घड्याळ जेवणाच्या वेळा बघून वेगळ्याच चालीने सरकतं, त्यामुळे मेंदू एका गावात आणि पोट दुसऱ्या.

अशा झोपेने सर्दी होते का? या साध्या प्रश्नाचा छडा पिट्सबर्गच्या संशोधकांनी लावला, आणि त्यांची पद्धत वाचून मी शाळेतल्या स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले होते. 164 धडधाकट माणसं घेतली. आठवडाभर त्यांच्या मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली. (किती झोपता असं नुसतं विचारलं तर सगळे वाढवून सांगतात, आमच्या घरी कमी सांगतात.) मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना हॉटेलात कोंडून ठेवलं. रोज त्यांचे नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून चक्क वजन करायचे. 2015 साली निकाल छापून आला: रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक. विषाणू सगळ्यांच्या नाकात सारखाच टाकला होता. वय, वजन, सिगारेट, मनाचा ताण या सगळ्यांचा हिशोब वजा करूनही आकडा टिकला.

लसीचंही तसंच. 2002 साली शिकागोत तरुण मुलांना काही रात्री जेमतेम चार तास झोपू दिलं आणि फ्लूची लस टोचली. दहाव्या दिवशी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं (जंतूला ओळखून अडवणारी प्रथिनं) पुरेसं झोपलेल्या मुलांच्या निम्मीही नव्हती. ही धट्टीकट्टी मुलं, आणि तीही थोड्याच रात्रींची तूट. कॅन्सरच्या आणि विषाणूबाधित पेशी हेरून मारणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांची धार तर एका रात्रीच्या अर्धवट झोपेनेही उतरलेली मोजली गेली आहे. त्याच वेळी दुसरीकडे शरीरातला दाह वाढतो. म्हणजे जिथे लढायला हवं तिथे कमी, जिथे गरज नाही तिथे धुमसत राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात बसवलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. एवढं वाचलं आणि मी पुस्तक मिटून डाळ शिजवायला उठले. सगळं एका दिवसात वाचू नये.

निफाडकडे माझं माहेर. दादाची द्राक्षाची बाग आहे. त्याला कुठल्या कारखान्याची शिफ्ट नाही, तरी त्याची झोप माझ्या नवऱ्यापेक्षा वाईट. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बारा वाजता फेज आले की मोटर चालू करायला जायचं. ठिबक असलं तरी फिल्टर साफ करायचा, व्हॉल्व फिरवायचे, कुठे लॅटरल (ठिबकची बारीक नळी) सुटली असेल तर बघायचं. मध्येच लाईट गेली की बांधावर बसून वाट बघायची, कारण घरी येऊन झोपलं आणि लाईट आली तर पाळी वाया. शेजारी ऊस, त्यात बिबट्या. त्यामुळे एकटं जायचं नाही, म्हणजे एका मोटरमागे दोघांची झोप मोडते. पोरगा बॅटरी धरून बरोबर जातो आणि सकाळी कॉलेजात पेंगतो. थंडीत तर वेगळाच प्रकार. निफाडचा पारा कितीतरी वेळा एक आकडी होतो. कडाका पडला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा. ज्या वेळी शरीराचं तापमान मुळातच सगळ्यात खाली गेलेलं असतं, नेमक्या त्या वेळी हा माणूस कुडकुडत धुरात उभा. उजाडलं की फवारणीचा ब्लोअर.

मागच्या थंडीत दादाचा खोकला हटेना. वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि निघताना सांगितलं, ‘झोप पूर्ण करा, आठ तास.’ वहिनी मला फोनवर म्हणाली, ‘ताई, डॉक्टरांनी झोप लिहून दिली, पण ती कुठल्या मेडिकलमध्ये मिळते ते नाही सांगितलं.’

झोपेबद्दल जे काही छापून येतं, त्यावर माझा राग आहे तो इथे. झोपायच्या आधी मोबाइल बाजूला ठेवा, कॅफीन टाळा, खोली अंधारी आणि थंड ठेवा, रोज ठरलेल्या वेळी झोपा. सगळं खरं. पण हे ज्याच्या हातात त्याचं वेळापत्रक आहे त्याच्यासाठी. गंगापूर रोडच्या बंगल्यात रील बघत दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाला हा सल्ला जरूर द्यावा. थर्डवाल्याला, रात्रीच्या ड्युटीवरच्या सिस्टरला, पहाटे पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोच्या जाळ्या उतरवणाऱ्या हमालाला तो देणं म्हणजे त्यांच्या आजारपणाचा दोष त्यांच्याच गळ्यात मारणं. त्यांची झोप त्यांनी घालवलेली नाही. ती कुठल्या तरी तक्त्यावर कुणीतरी आखून ठेवलेली आहे, आणि तक्ता बदलता येतो हे कुणी बोलत नाही.

बदलतो मात्र. माझ्याच धंद्यातलं उदाहरण आहे. आपल्याकडे सगळ्या देशाला मिळून एकच घड्याळ, ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं. नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे. जानेवारीत सात वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो, आणि पहिली-दुसरीची पोरं अंधारात स्वेटरमध्ये गुंडाळून रिक्षात कोंबलेली असायची. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या झोपेबद्दल जाहीरपणे बोलले आणि दोन-तीन महिन्यांत शासनाचं परिपत्रक आलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. तेव्हा किती आरडाओरडा झाला! रिक्षावाले म्हणाले फेऱ्या जुळत नाहीत, नोकरी करणाऱ्या आया म्हणाल्या पोराला कुणाकडे ठेवू, आम्ही शिक्षक म्हणालो दुपारच्या सत्राचं काय. तक्रारी खऱ्याच होत्या, काही अजून मिटलेल्या नाहीत. पण माझ्या वर्गात पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकणारी पोरं कमी झाली, ते मी रोज बघते. दादाकडेही आता सौर फीडरची, म्हणजे सौरऊर्जेवर चालणाऱ्या वीजवाहिनीची, चर्चा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासूनची. तिच्यावर पंप जोडले गेले की लाईट दिवसाची. पलीकडच्या शिवारात झालंय, आमच्या फीडरचा नंबर लागायचाय. दादाला प्रतिपिंडं आणि टी-पेशींचं मी काही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणतो, ‘रातची लाईट गेली ना, मग बघ मी कसा दिसतो ते.’

आता त्या अकरा मिनिटांचा वाद. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरासं लांब, म्हणून आपल्याला उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. पाळ्या फिरवायच्याच असतील तर फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड अशा पुढे सरकवल्या तर शरीराला झेपतं. नवऱ्याच्या कंपनीत उलट्या फिरतात: फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड. वर्षानुवर्षं तसंच चाललंय, का ते कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, ‘अहो, आता युनियनचा कंपनीशी करार येतोय ना? मांडा की हा मुद्दा.’ तो हसला. करारात नाईट अलाउन्स वाढवून मागतात, कॅन्टीन मागतात, मेडिक्लेम मागतात. झोप कोण मागतं?

तरी त्याने जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. संध्याकाळी सगळ्यांचं म्हणणं घेऊन घरी आला आणि कागदावर तास मांडून मला समजावायला बसला. उलट्या फेऱ्यात शनिवारी तीनला फर्स्ट सुटली की थेट सोमवारी रात्री अकराला हजर व्हायचं. मध्ये छप्पन्न तास. चांदवड, येवला, मालेगावकडची पोरं या दोन रात्रींवर गाव गाठतात, शेतीचं बघतात, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतात. सुलट्या फेऱ्यात फर्स्टनंतर सोमवारी तीनलाच सेकंडला हजर व्हायचं, म्हणून हे मोडतं. वर आणखी, थर्ड रविवारी सकाळी सातला सुटते आणि सोमवारी सातला फर्स्टला उभं राहायचं. चोवीस तासांत रात्रपाळीतून दिवसपाळीत. ‘तुझ्या पुस्तकात याचं काय लिहिलंय?’

पुस्तकात नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला: थर्डमधून फर्स्टला येणाऱ्या गटाला रविवारच्या सुट्टीला जोडून सोमवारीही सुट्टी द्यायची आणि मंगळवारी हजर करायचं. अट्ठेचाळीस तास मिळतात. सोमवारी त्या गटाच्या जागी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. युनियनच्या प्रतिनिधीने कागद खिशात घातलाय आणि सुपरवायझरशी बोलतो म्हणालाय. गाववाली पोरं अजून तयार नाहीत. छप्पन्नचे अट्ठेचाळीस झाले तर शेवटची येवला गाडी सापडणार का, यावर त्यांचं अडलंय, आणि पुढच्या सोमवारी नवऱ्याची थर्ड आहे.